तुम्ही विचारलेत म्हणून : हरवलेली प्रॉडक्ट की संगणकातून परत मिळते का?

संगणक दुरुस्तीच्या कामामुळे मला हा प्रश्न सतत विचारला जातो : खोके फेकले गेले, बिल सापडत नाही आणि विंडोज नव्याने टाकायचे आहे, तर जुनी प्रॉडक्ट की, म्हणजे विंडोज सक्रिय करण्यासाठी द्यावा लागणारा अक्षर-अंकांचा कोड, त्याच संगणकातून काढता येईल का? पुष्कळदा येते, आणि तितक्याच वेळा ती काढण्याची गरजच नसते. यांपैकी तुमचे प्रकरण कोणते, हे यंत्र कोणत्या काळातले आणि लायसन्स कोणत्या मार्गाने आले यावर ठरते. म्हणून यंत्राला हात लावण्याआधी ते कधी घेतले, हे मी विचारतो.

विंडोज ७ पर्यंत, कंपनीने विंडोज भरून विकलेल्या यंत्रांवर कीचा स्टिकर असे. लॅपटॉपच्या तळाचा स्टिकर घासून पुसट होतो, पण अर्धवट अक्षरे लावताना एक माहिती फार उपयोगी पडते. या कीमध्ये पाच गटांत मिळून २५ अक्षरे असतात आणि ती २४ ठरावीक चिन्हांतूनच घेतलेली असतात. त्यांत ए, ई, आय, ओ, यू नाहीत. एल, एन, एस, झेड नाहीत. शून्य, एक आणि पाच हे अंकही नाहीत. म्हणजे शून्यासारखे जे दिसते, ते क्यू किंवा डी असण्याचीच शक्यता अधिक. बी आणि ८, तसेच जी आणि ६ या जोड्या मात्र खऱ्या अडचणीच्या, कारण त्यांतील दोन्ही चिन्हे चालतात. तिथे भिंग घेऊन तिरप्या उजेडात पाहावे लागते.

स्टिकर गेला असेल आणि डिस्क शाबूत असेल, तर रजिस्ट्रीकडे, म्हणजे विंडोज आपल्या अंतर्गत नोंदी जिथे ठेवते त्या साठ्याकडे, वळायचे. तिथल्या ‘डिजिटल प्रॉडक्ट आयडी’ या नोंदीतील १५ बाइटांमध्ये ही की एका मोठ्या संख्येच्या रूपात ठेवलेली असते; त्या संख्येला २४ ने भागत गेले की प्रत्येक बाकीतून एकेक अक्षर मिळते, शेवटचे सर्वांत आधी. निरसॉफ्टच्या प्रोड्यूकीसारखी मोफत साधने हाच हिशेब करतात, त्यात कुलूप फोडण्यासारखे काही नाही. मदरबोर्ड बंद पडला असला तरी डिस्क दुसऱ्या संगणकाला जोडून ही नोंद वाचता येते. अशी साधने मूळ निर्मात्याच्या संकेतस्थळावरूनच घ्यावीत, कारण त्यांच्या नावाखाली भलतेच काही गळ्यात मारणारे खूप आहेत. आणखी एक सावधगिरी : कंपनीने विंडोज ७ भरून दिलेल्या यंत्रात रजिस्ट्रीतून निघणारी की बहुधा त्या कंपनीची सामाईक की असते. तुमची स्वतःची की स्टिकरवरचीच.

२०१२ मध्ये विंडोज ८ आले, तेव्हापासून नव्या यंत्रांची की मदरबोर्डवरील फर्मवेअरमध्येच, म्हणजे त्या बोर्डच्या चिपमध्ये कायम राहणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये, लिहिली जाऊ लागली. डिस्क बदलली तरी ती जात नाही, आणि तीच आवृत्ती पुन्हा टाकताना विंडोज ती स्वतःच वाचते. मदरबोर्ड बदलला तर मात्र ती त्याच्याबरोबर जाते.

विंडोज १० च्या मोफत अपग्रेडची गोष्ट निराळी, आणि सर्वाधिक गैरसमज इथेच होतो. त्यात यंत्राची ओळख मायक्रोसॉफ्टच्या सर्व्हरवर नोंदवली गेली. संगणकात उरते ती लाखो यंत्रांवर एकच असणारी सर्वसाधारण की. प्रो आवृत्तीत तिचा शेवट ३, व्ही, ६, ६, टी असा असतो. ही की जपून डायरीत उतरवणारे लोक मला भेटतात आणि वाईट वाटते, कारण तिने काहीही सक्रिय होत नाही. त्याऐवजी ते लायसन्स आपल्या मायक्रोसॉफ्ट खात्याशी जोडावे आणि पुन्हा विंडोज टाकताना ‘माझ्याकडे प्रॉडक्ट की नाही’ हा पर्याय निवडावा.

मायक्रोसॉफ्ट ऑफिसच्या बाबतीत २०१३ च्या आवृत्तीपासून संगणकात कीची फक्त शेवटची पाच अक्षरे राहतात. उरलेली वीस कोणतेही साधन देऊ शकत नाही, मग त्याची जाहिरात काहीही सांगो. ती पाच अक्षरे जुन्या ईमेलमधील किंवा बिलावरील कीशी ताडून पाहणे एवढेच हाती असते.

टॅलीबद्दल दुकानदार विचारतात, तेव्हा की शोधण्याऐवजी सीरियल नंबर आणि नोंदणीचा ईमेल शोधावा, आणि यंत्र बदलण्यापूर्वी लायसन्स ‘सरेंडर’ करावे, म्हणजे जुन्या यंत्रावरून मोकळे करून घ्यावे. पुष्कळ ठिकाणी तो ईमेल नोकरी सोडून गेलेल्या अकाउंटंटचा निघतो, लायसन्स सुरू करणारी अनलॉक की त्याच पत्त्यावर जाते आणि मालक स्वतःच्या पैशाने घेतलेल्या लायसन्ससाठी त्याला फोन करत बसतो. अकाउंटंट जाण्याआधीच तो पत्ता मालकाच्या नावे करून घ्यावा.