आधी आप्पांची खुर्ची, मग टीव्ही

टीव्ही घ्यायचा ठरला की पहिला प्रश्न येतो, "किती इंची?" आमच्याकडेही तोच आला. नवऱ्याचं म्हणणं, बजेटमध्ये बसेल तेवढा मोठा. लेकीचं म्हणणं, मैत्रिणींकडे आहे त्याहून लहान नको. आणि आप्पांचं, म्हणजे माझ्या सासऱ्यांचं म्हणणं, जुना चालतोय की अजून! (चालत होता, फक्त डावीकडचा भाग कायमचा काळपट पडला होता.) मी शाळेत गणित शिकवते. मी मोजपट्टी शोधायला गेले.

सोफ्यावर बसल्यावर डोळ्यांपासून पडद्यापर्यंत २४० सेंमी. हे सोपं होतं. अवघड होती ती आप्पांची खुर्ची. ती बाजूच्या भिंतीला टेकून असते. टीव्हीच्या मध्यापासून समोर दोन मीटर आणि बाजूला दोन मीटर, म्हणजे सरळ ४५ अंशांचा कोन. घरात सगळ्यात जास्त टीव्ही पाहणारा माणूस सगळ्यात वाईट कोनातून पाहतो. खुर्ची थोडी आत सरकवू का, असं विचारून पाहिलं. आप्पांनी उत्तर दिलं नाही, पेपरची घडी बदलली. विषय संपला.

स्वस्तातल्या टीव्हीबद्दल माझं एक ठाम मत झालंय. पेटीवरचे बहुतेक शब्द तो टीव्ही काय स्वीकारू शकतो ते सांगतात, काय दाखवू शकतो ते नाही. आणि जे खरोखर डोळ्यांना दिसतं, ते पेटीवर बहुधा छापलेलंच नसतं. त्यातली पहिली गोष्ट म्हणजे पॅनेलचा प्रकार.

आपण ज्याला एलईडी टीव्ही म्हणतो तो मुळात एलसीडीच. एलईडी फक्त मागचा उजेड देतात. या एलसीडी पॅनेलच्या दोन मुख्य जाती: व्हीए आणि आयपीएस. व्हीएमध्ये काळा रंग चांगला काळा दिसतो. कॉन्ट्रास्ट, म्हणजे सगळ्यात पांढऱ्या आणि सगळ्यात काळ्या भागाच्या उजेडाचं गुणोत्तर, ३०००:१ पासून ५०००:१ किंवा त्याहूनही वर जातो. आयपीएसमध्ये तो साधारण १०००:१ च्या आसपास अडकतो, त्यामुळे अंधाऱ्या खोलीत रात्रीचं दृश्य लागलं की काळ्याच्या जागी राखाडी धुरकटपणा दिसतो. मग आयपीएस घ्यायचाच कशाला? कारण व्हीए समोरून जितका छान, तितका बाजूने पाहिल्यावर फिका पडतो. माणसांचे चेहरे पांढुरके होतात, गडद रंग उडाल्यासारखे वाटतात. आयपीएस बाजूनेही बऱ्यापैकी तसाच राहतो.

म्हणजे प्रश्न 'कोणता चांगला' हा नव्हताच. प्रश्न होता, आमच्या हॉलमध्ये कोण कुठे बसतं आणि दिवा चालू असतो की बंद. आमच्याकडे टीव्ही दिवसा आणि संध्याकाळी दिवे लावून चालतो. अंधार करून सिनेमा पाहणारा एकटा नवरा, तोही कधीमधी. दिवे चालू असले की खोलीतला उजेडच पडद्यावर पडतो आणि व्हीएच्या काळ्या रंगाचा फायदा बराचसा वाया जातो. त्यामुळे आम्ही आयपीएस ठरवला. एकटे राहत असाल, सोफा बरोबर समोर असेल आणि रात्री दिवे मालवून पाहत असाल, तर माझा निष्कर्ष उलटा करून वाचा.

पॅनेल कोणतं ते कळणार कसं? कंपन्यांच्या माहितीपत्रकात क्वचितच लिहिलेलं असतं. स्टॅटिक (म्हणजे उजेड न बदलता मोजलेल्या) कॉन्ट्रास्टचा आकडा दिला असेल तर तो बघा: १००० ते १२०० च्या घरात असेल तर बहुतेक आयपीएस, चार हजारांच्या पुढे असेल तर व्हीए. 'डायनॅमिक कॉन्ट्रास्ट' म्हणून लाखांतले आकडे लिहितात, त्याकडे ढुंकूनही बघू नका. आकडा नसेल तर सरळ टीव्हीसमोर उभं राहायचं आणि चालत बाजूला जायचं. ४५ अंशांवर चेहरे फिके पडले तर व्हीए. दुकानात मी असं अर्धवर्तुळात चालत होते तेव्हा विक्रेता माझ्या मागे मागे चालत होता.

आता इंचांकडे येऊ, कारण इथे हिशोबाला गंमत आहे. पडद्याने डोळ्याशी साधारण ३० अंशांचा कोन करावा असा एक जुना व्यावसायिक दंडक आहे. २४० सेंमीवरून ४३ इंची टीव्ही २२ अंश भरतो, ५० इंची २६ आणि ५५ इंची २८ अंशांहून थोडा जास्त. ५० आणि ५५ मधला फरक मला किरकोळ वाटला, म्हणून आधी मी ५० वर टिक केली होती. पण टीव्ही मॉडेलांच्या एकाच मालिकेतल्या वेगवेगळ्या आकारांत पॅनेल वेगवेगळं असू शकतं, आणि ५० इंची पॅनेल बहुतांश व्हीए जातीचीच येतात. मालिकेचं नाव तेच, पेटी तशीच, फक्त आकार बदलला की बाजूने दिसणारं चित्र बदलतं! म्हणून एखाद्याने ४३ इंचीचं कौतुक केलं तर ते त्याच मालिकेच्या ५० इंचीला लागू पडेल असं समजू नका. आप्पांच्या खुर्चीने आम्हाला ५५ वर नेऊन ठेवलं. नवरा आठवडाभर विजयी मुद्रेने फिरत होता.

४के (फुल एचडीच्या चौपट ठिपक्यांचा पडदा) बद्दल थोडक्यात. २४० सेंमीवरून निरोगी डोळ्याला साधारण ०.७ मिमीचा ठिपका वेगळा ओळखता येतो. ५५ इंची पडद्यावर फुल एचडीचा एक पिक्सेल, म्हणजे चित्राचा सगळ्यात लहान ठिपका, ०.६३ मिमीचा असतो, म्हणजे आमच्या सोफ्यावरून तोच दिसत नाही, तर ४के चा निम्म्या रुंदीचा कुठून दिसणार. या आकारात आता जवळपास सगळं ४के च येतं, तेव्हा मिळतंय तर घ्यावं, पण त्यासाठी म्हणून जादा पैसे मोजू नयेत.

एचडीआर (चित्रातले उजळ भाग जास्त उजळ आणि गडद भाग जास्त गडद दाखवायचं तंत्र) हे माझ्या 'स्वीकारतो पण दाखवत नाही' यादीतलं पहिलं नाव. एचडीआर चित्रं बहुधा १००० निट तेजस्वितेचा हिशोब धरून तयार केलेली असतात, काही त्याहून जास्त. स्वस्त टीव्हीचा पडदा २५० ते ३५० निटांपर्यंत जातो. मागचा उजेड भागाभागाने कमी-जास्त करायची सोय नसते, म्हणजे आकाशातला सूर्य उजळायचा तर शेजारची सावलीही उजळते. टीव्ही सिग्नल घेतो, कोपऱ्यात एचडीआरची पाटी झळकवतो आणि मग सगळं चित्र आपल्या कुवतीत दाबून बसवतो. कधी कधी ते साध्या चित्रापेक्षा अंधारलेलं दिसतं. एचडीआर १०, डॉल्बी व्हिजन, एचएलजी असे सगळे शिक्के एका ओळीत छापलेले असले तरी या वर्गात त्यांची तुलना करत बसू नका.

तीच गोष्ट हर्ट्झची, म्हणजे पडदा सेकंदाला किती वेळा चित्र ताजं करतो त्या आकड्याची (रिफ्रेश रेट). 'मोशन १२०' सारखं काही लिहिलेलं असलं तरी खाली बारीक अक्षरांत रिफ्रेश रेट बहुधा ६० हर्ट्झ असतो. आमच्या कामाला ६० पुरेसा आहे. एचडीएमआय (बाहेरची उपकरणं टीव्हीला जोडायची सोय) २.१ चा शिक्काही तसाच फसवा, कारण त्यातल्या बहुतेक सोयी ऐच्छिक आहेत; शिक्का असला म्हणजे त्या सगळ्या आहेत असं नाही. ज्यांना गेम खेळायचे आहेत त्यांनी नेमकी कोणती सोय आहे ते नावानिशी विचारावं.

आणि क्यूएलईडी. हे नाव ओएलईडीसारखं वाचलं जातं यात योगायोग असेल यावर माझा विश्वास नाही. ओएलईडीमध्ये प्रत्येक पिक्सेल स्वतः उजळतो आणि पूर्ण विझू शकतो. क्यूएलईडी म्हणजे तोच एलसीडी, मागच्या निळ्या उजेडासमोर क्वांटम डॉटचा, म्हणजे त्या उजेडातून लाल-हिरवा काढणाऱ्या अतिसूक्ष्म कणांचा, एक थर. त्याने रंग जास्त शुद्ध होतात हे खरं आहे, मी शेजारी शेजारी पाहिलंय, लाल आणि हिरवा स्पष्ट सरस. पण काळा रंग त्याने सुधारत नाही. किमतीत थोडाच फरक असेल तर घ्यायला हरकत नाही. आमच्या बजेटमध्ये तो फरक थोडा नव्हता.

दुकानात सगळे टीव्ही झगझगीत निळसर दिसतात, कारण ते दुकानाच्या मोडवर ठेवलेले असतात आणि दाखवतात ती फुलं, पोपट आणि रंगीत काचा. पोपट कुठल्याही टीव्हीवर छानच दिसतो! मी पेनड्राइव्ह घेऊन गेले होते. त्यात पूर्ण राखाडी रंगाचं एक चित्र, एका अंधाऱ्या प्रसंगाची क्लिप, आणि खाली बातम्यांची पट्टी सरकतेय असा एक तुकडा. राखाडी चित्रावर पडद्याचे डाग दिसतात: कुठे काळपट पट्टे, कुठे कोपऱ्यातून गळणारा उजेड. मैदानावरून कॅमेरा फिरतो तेव्हा हिरव्या रंगावर हेच पट्टे धूळ बसल्यासारखे दिसतात, आणि आप्पा मॅच सोडत नाहीत. हे डाग एकाच मॉडेलच्या दोन नगांतही सारखे नसतात, त्यामुळे घरी पेटी उघडल्यावर परत तीच चाचणी केली. परत करायची मुदत आणि काळ्या ठिपक्यांबद्दलची अट पैसे देण्याआधीच वाचली होती. किती पिक्सेल मेले की पॅनेल बदलून मिळेल याचा आकडा बहुधा एकापेक्षा जास्त असतो.

टीव्हीच्या आतल्या संगणकाकडे मी फारसं लक्ष दिलं नाही, आणि यावरून आमच्या घरात थोडी वादावादी झाली. लेकीला अॅप पटापट उघडायला हवे होते. पण या वर्गात दीड-दोन जीबी रॅम असते, चार वर्षांत ती धापा टाकणारच. तेव्हा बाहेरून अॅप चालवणारी एक छोटी स्टिक लावता येते. पॅनेल मात्र बाहेरून लावता येत नाही. म्हणून चांगल्या पडद्याचा मंद टीव्ही मी घेईन, वाईट पडद्याचा चपळ नाही.

एक सेटिंग मात्र पहिल्याच दिवशी शोधून बंद केलं. अनेक स्मार्ट टीव्ही पडद्यावर काय चाललंय ते ओळखून त्याची नोंद बाहेर पाठवतात. अमेरिकेत २०१७ मध्ये व्हिझिओ कंपनीने याच कारणावरून तिथल्या ग्राहक संरक्षण यंत्रणेशी २२ लाख डॉलरची तडजोड केली होती. सुरुवातीला पटापट 'मान्य' दाबत जातो त्यातच ही परवानगी असते. 'व्ह्यूइंग डेटा' किंवा अशाच नावाने ती प्रायव्हसीच्या मेनूत सापडते.

५५ इंची टीव्ही सुमारे १२२ सेंमी रुंद असतो. आमचं कपाट १२० चं. हे चाललं असतं, पण हल्ली पाय मध्यभागी नसून दोन्ही टोकांना असतात, म्हणजे कपाटाची रुंदी टीव्हीशी नाही, दोन पायांमधल्या अंतराशी ताडून बघायची. ते अंतर कंपनीच्या संकेतस्थळावरच्या आकृतीत असतं. आमचं जमत नव्हतं, म्हणून भिंतीवर लावला. लावायला आलेल्या माणसांनी पेन्सिलची खूण केली ती माझ्या डोक्याच्याही वर. मी ती पुसून पडद्याचा मध्य जमिनीपासून १०५ सेंमीवर येईल अशी खूण केली, म्हणजे बसल्यावर डोळ्यांच्या पातळीला. "इतकं खाली कुणी लावत नाही मॅडम." लावा म्हटलं.

घरी आल्यावर चित्राचा मोड 'व्हिव्हिड'वरून 'मूव्ही'वर आणला. पहिले दोन दिवस सगळ्यांना पिवळट वाटलं, मग जुना मोड लावून दाखवला तर सगळ्यांना निळा वाटला. शार्पनेस जवळजवळ शून्यावर, कारण तो तपशील वाढवत नाही, कडांना पांढरी रेघ काढतो. हालचाल गुळगुळीत करणारं सेटिंग मॅचसाठी थोडं ठेवलं, सिनेमासाठी बंद. नाहीतर चांगला सिनेमा मालिकेसारखा दिसायला लागतो. बॅकलाइटही पूर्ण न ठेवता खाली आणला. एलसीडी टीव्हीत आधी जातात त्या बहुधा मागच्या एलईडीच्या पट्ट्याच, आणि त्या जितक्या कमी तापतील तितक्या जास्त टिकतात.

आवाजाचा प्रश्न अजून लोंबकळतोय. इतक्या पातळ डब्यात १०-१० वॅटचे दोन स्पीकर, तेही तोंड खाली करून बसवलेले. पेटीवर डॉल्बी अॅटमॉस (चहूबाजूंनी आवाज आल्यासारखा वाटायचं तंत्र) लिहिलंय, अर्थात. संवाद पुटपुटल्यासारखे येतात आणि आप्पांना ऐकू कमी येतं. त्यांना ब्लूटूथ हेडफोन दिलाय. हेडफोन लावला की स्पीकर बंद पडतात का, दोन्ही एकदम चालतात का, हे मी दुकानातच मेनूत जाऊन बघून घेतलं होतं, कारण सगळ्या मॉडेलमध्ये ती सोय नसते. नवऱ्याला साउंडबार हवाय. एआरसी (टीव्हीचा आवाज बाहेर पाठवणारं) लिहिलेलं एचडीएमआय पोर्ट आहे, त्यामुळे जोडायला एक केबल पुरेल आणि संवादांपुरता साधा दोन चॅनेलचा बार चालेल, त्याच्या सुधारित प्रकाराची, ईएआरसीची, गरज नाही. पण टीव्ही माझ्या हट्टाने खाली लागलाय, आणि पडद्याच्या खालची कड ते कपाट यांत किती सेंटिमीटर उरलेत ते मोजल्याशिवाय मी कुठलाही बार घरात येऊ देणार नाही.