हातघडणीचा चाकू मिळतो कुठे, खपतो कुठे?

मी नांदेडला राहतो, एका औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत शिकवतो, आणि गेली अकरा वर्षे शनिवार-रविवार घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये चाकू आणि सुऱ्या घडवतो. वर्षाकाठी वीस-बावीस नग तयार होतात. या छंदामुळे मला दोन प्रश्न सतत विचारले जातात. माझे विद्यार्थी म्हणतात, “सर, असले महागाचे चाकू घेतं तरी कोण, अन् तुम्ही विकता कुठं?” ज्यांना चाकू जमवण्याचा नाद आहे ते फोनवर विचारतात, “एका माणसाने एकट्याने घडवलेला चाकू मिळतो कुठे?” दोघांनाही एखाद्या दुकानाचा पत्ता हवा असतो. तसा पत्ता मला देता येत नाही, कारण हा व्यवहार दुकानापेक्षा ओळखीवर चालतो; ती ओळख कशी होते आणि कुठे होते, एवढेच मी सांगू शकतो.

पहिली गोष्ट अशी की फर्माईशीची हत्यारे आपल्याकडे नवीन नाहीत. माझी आजी डावखुरी होती. विळ्याची धार एका बाजूने काढलेली असते, त्यामुळे उजव्या हाताचा विळा डाव्या हातात धरला की तो गवतात शिरण्याऐवजी त्यावरून घसरतो. लोहा तालुक्यातल्या आमच्या गावचा लोहार तिच्यासाठी उलट्या बाजूची धार काढून वेगळा विळा करून देई आणि सुगी झाली की बलुत्यात आपले धान्य घेऊन जाई. त्या विळ्याला कोणी हस्तकला म्हटले नाही. मला भट्टीवर बसायला ज्यांनी शिकवले ते घिसाडी समाजातले वृद्ध कारागीर आठवडी बाजारात एकाच लिंबाखाली पाल ठोकून बसत. खुरप्याची मूठ धरून पाहणाऱ्या बाईचा हात ते आधी निरखत आणि मगच कोणते खुरपे पुढे करायचे ते ठरवत. त्यांनी आपल्या मालावर नाव ठोकावे म्हणून मी एकदा आग्रह केला, तेव्हा ते म्हणाले, “मी कुठं बसतो ते घेणाऱ्याला ठावं हाय की.” ज्या बाजारात घेणारा आणि घडवणारा दर आठवड्याला समोरासमोर येतात तेथे नावाच्या शिक्क्याची गरज नसते, हे मला तेव्हा उमगले. तो विकत घेणारा पाचशे मैलांवर गेला की मात्र शिक्का लागतो, आणि शिक्क्यामागे उभे राहणारे कोणीतरी लागते.

या लांबच्या गिऱ्हाइकाची एक जुनी गोष्ट आपल्या अगदी शेजारची आहे. निजामाबाद जिल्ह्यातले कोनासमुद्रम हे गाव पूर्वी निजामाच्या राज्यात, म्हणजे १९४८ पर्यंत आपला मराठवाडा ज्या राज्यात होता त्याच राज्यात होते. तेथे मुशीत वितळवलेले जे पोलाद होई, त्याला इंग्रजांनी ‘वूट्झ’ म्हटले आणि त्याच्या लाटेदार नक्षीच्या पात्यांची कीर्ती इराणपर्यंत पोचली. हेन्री व्हॉयसी या भूशास्त्रज्ञाने केलेले या कामाचे वर्णन १८३२ साली छापले गेले. त्यात इस्फहानहून आलेला एक इराणी व्यापारी भेटतो, जो भट्टीजवळ जातीने हजर राहून काम करवून घेत असे. एवढ्या दूरवरून आलेल्या माणसाला पोलाद हैदराबादच्या बाजारातही मिळाले असते. पण मुशीत काय गेले हे डोळ्यांनी पाहिल्याशिवाय त्याचा विश्वास बसला नसावा. मी हे वाचले तेव्हा मला माझी गिऱ्हाइके आठवली.

आज अशी भेट घडवून आणण्याचे काम प्रामुख्याने प्रदर्शने करतात. अमेरिकेत अटलांटा शहरात दर जूनमध्ये भरणारा ब्लेड शो हा त्यातला सर्वांत गाजलेला बाजार होय. फ्रान्समधील थिएर हे चाकूंचे गाव आहे आणि तेथे मे महिन्यात कुटेलिया नावाचा मेळा भरतो. जपानमधील सेकी गावात शरद ऋतूत सुऱ्यांचा उत्सव असतो. यांपैकी मी कोठेही गेलेलो नाही, परंतु माझ्याकडून दोन सुऱ्या घेतलेले एक अनिवासी भारतीय गृहस्थ दरवर्षी अटलांटाला जातात आणि परत आल्यावर तासभर फोनवर वर्णन ऐकवतात. कारागीर भाड्याने घेतलेल्या टेबलावर चार-सहा चाकू मांडून स्वतः मागे उभा राहतो. ज्यांच्या कामाला मागणी फार असते त्यांच्या टेबलापुढे दार उघडण्याआधीपासून रांग लागते, आणि काही जण तर चिठ्ठ्या टाकून ज्याचे नाव निघेल त्यालाच चाकू विकतात. रुखवतातल्या वस्तूंसारखे नुसते पाहून पुढे सरकायचे नसते. चाकू उचलून पाठीच्या रेषेवरून डोळा फिरवायचा, दोन्ही बाजूंचा उतार एकाच ठिकाणी सुरू होतो का ते पाहायचे, मूठ आणि पाते यांच्या सांध्यातून उजेड दिसत नाही ना ते उजेडासमोर धरून तपासायचे, आणि पाणी कोणी दिले हे विचारायचे. पाणी देणे म्हणजे तापवलेले पाते तेलात बुडवून कडक करणे आणि नंतर बेताच्या आचेवर त्याचा ठिसूळपणा काढणे. घडणीतले हेच काम डोळ्यांना दिसत नाही, म्हणूनच त्याबद्दल तोंडाने विचारावे लागते.

न दिसणाऱ्या या गोष्टीची हमी देण्यासाठी अमेरिकन कारागिरांनी एक संस्थाच उभी केली. बिल मोरन यांनी १९७३ साली थर जोडून घडवलेल्या नक्षीदार पोलादाचे चाकू प्रदर्शनात मांडले, आणि १९७६ साली त्यांच्या पुढाकाराने अमेरिकन ब्लेडस्मिथ सोसायटी स्थापन झाली. तिची परीक्षा मला फार आवडते, कारण तिच्यात तोंडी उत्तरांना जागा नाही. कारागिराने स्वतः घडवलेल्या पात्याने लोंबकळणारा एक इंच जाडीचा दोर एका घावात तोडायचा, मग त्याच पात्याने बांधकामाचे लाकूड दोनदा तोडायचे, तरीही त्या धारेने हातावरचे केस निघाले पाहिजेत, आणि शेवटी पाते शेगड्यात, म्हणजे व्हाइसमध्ये, आवळून नव्वद अंशांत वाकवायचे. ते तुटता कामा नये. यात पास झाल्यावर पाच चाकू परीक्षकांपुढे ठेवायचे, आणि तेथे मोजमाप सफाईचे होते. या संस्थेचा शिक्का पात्यावर पाहून घेणारा अनोळखी कारागिरावर विश्वास टाकतो. आपल्याकडे असा शिक्का नसल्यामुळे माझ्यासारख्याला प्रत्येक गिऱ्हाइकापुढे नव्याने परीक्षा द्यावी लागते.

प्रदर्शनापलीकडचा मार्ग म्हणजे थेट फर्माईश, आणि तिच्याबरोबर येणारी प्रतीक्षा. १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला बॉब लव्हलेस नावाचा एक खलाशी न्यूयॉर्कच्या एका दुकानात रँडल या नामांकित कारागिराचा चाकू घ्यायला गेला, तेव्हा नऊ महिने थांबावे लागेल असे त्याला सांगण्यात आले. त्याने जहाजावर परतून मोटारीच्या स्प्रिंगच्या पोलादातून स्वतःच चाकू केला आणि पुढे तो विसाव्या शतकातल्या सर्वांत मोठ्या चाकू-कारागिरांमध्ये गणला गेला. रँडल यांच्या फ्लोरिडातील कारखान्याकडे आजही काही वर्षांची रांग आहे.

फर्माईशीत पैसे केव्हा द्यायचे, यावर माझे ठाम मत आहे आणि ते मी बीडच्या ऊसतोड मजुरांकडे पाहून बनवले आहे. त्यांच्या व्यवहारात नवरा-बायकोच्या जोडीलाच ‘कोयता’ म्हणतात. मुकादम कोयत्यामागे उचल देतो आणि ती फिटेपर्यंत जोडी बांधली जाते. पूर्ण रक्कम आगाऊ घेणाऱ्या कारागिराची गत याहून वेगळी होत नाही. आधीचे पैसे खर्च झालेले असतात, म्हणून जुने चाकू पुरे करण्यासाठी नव्या फर्माईशीचे पैसे घ्यावे लागतात, आणि एक दिवस तो फोन उचलायचा बंद करतो. या नादातल्या जुन्या जाणत्यांपैकी बहुतेकांचे पैसे एकदा तरी असे बुडालेले असतात. मी पोलाद आणि मुठीचे लाकूड यांच्यापुरतेच पैसे आधी घेतो, चाकू तयार झाल्यावर उरलेले घेतो, आणि पसंत पडला नाही तर तो दुसऱ्याला विकण्याची जोखीम माझी.

चाकू विकणारे मध्यस्थ व्यापारीही असतात, आणि त्यांच्याबद्दल कारागीर फार कडवटपणे बोलतात. माझ्याकडेही एकाने किमतीचा तिसरा हिस्सा मागितला होता व मी नकार दिला होता. तरी त्यांची एक सेवा मान्य केली पाहिजे. कारागीर हयात नसेल तर त्याचा चाकू खरा की नकली हे जाणत्या व्यापाऱ्याशिवाय कोण सांगणार? लव्हलेस २०१० साली वारले. त्यांच्या नावाचे नकली चाकू बाजारात आहेत, आणि तेथे व्यापाऱ्याची लेखी हमी हीच खरी किंमत असते.

मोबाइलवरच्या छायाचित्रांवरून खरेदी करणाऱ्यांना मी सबुरीचा सल्ला देतो. नक्षीदार पाते छायाचित्रात सुंदरच दिसते. ‘दमास्कस’ या नावाखाली आज जे विकले जाते ते कोनासमुद्रमचे मुशीतले पोलाद नसून थर जोडलेले पोलाद असते. त्यात कमीपणा काही नाही, पण ते थर कोणत्या पोलादाचे आहेत हे विक्रेता सांगू शकला पाहिजे. ट्रकच्या पाट्याचे पोलाद कोयत्याला उत्तम, कारण ते वाकते पण तुटत नाही. स्वयंपाकघरातल्या पातळ सुरीला मात्र मी शेकडा एक भाग कार्बन असलेले बेअरिंगचे पोलाद वापरतो, कारण त्याची बारीक धार जास्त दिवस टिकते.

छायाचित्रात न दिसणारी दुसरी गोष्ट मला माझ्याच चुकीने कळली. मे महिन्यात, नांदेडला पारा त्रेचाळीसच्या पुढे असताना, मी एका सुरीला बाभळीची मूठ बसवली आणि ती लोखंडाशी अशी सपाट घासली की नखालाही सांधा लागू नये. सुरी मुंबईला गेली. जुलैमध्ये घेणाऱ्या बाईंचा फोन आला, “दादा, लाकूड वर आलंय, हाताला टोचतंय.” आपल्या कोरड्या उन्हात आकसलेले लाकूड समुद्रकाठच्या पावसाळ्यात फुगले होते. मी सुरी परत मागवली, मूठ काढून नवी बसवली आणि पैसे घेतले नाहीत. त्यानंतर मुठीचे लाकूड दोन पावसाळे शेडमध्ये ठेवल्याशिवाय वापरत नाही. त्या बाईंनी पुढे तीन गिऱ्हाइके पाठवली, ती कोणत्याही प्रदर्शनातून मिळाली नसती.

कायद्याचे विचारणारे कमी असतात, पण विचारायला हवे. शस्त्र नियमांनुसार नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पात्याचे चाकू शस्त्रांत मोडतात. घरगुती, शेतीच्या, वैज्ञानिक वा औद्योगिक वापरासाठी केलेली हत्यारे त्यातून वगळली आहेत. म्हणून दहा इंची स्वयंपाकाची सुरी चालते, पण तेवढाच खंजीर चालत नाही, आणि मी तो करीतही नाही. सचखंड गुरुद्वाऱ्याच्या परिसरातल्या कृपाणांकडे बोट दाखवून काही जण वाद घालतात. शिखांच्या कृपाणाला संविधानाच्या पंचविसाव्या अनुच्छेदाचेच संरक्षण आहे, त्याची बरोबरी हौसेच्या खंजिराशी होत नाही. सांबराच्या शिंगाची मूठ कोणी मागितली तर मी हात जोडतो, कारण वन्यजीव संरक्षण कायद्यामुळे त्या शिंगांचा व्यापार बंद आहे. कुरियरवाल्यांची तऱ्हा निराळीच. पावतीवर ‘चाकू’ लिहिले म्हणून एकाने पार्सल परत केले आणि ‘स्वयंपाकाची सुरी’ लिहिल्यावर तेच पार्सल निमूटपणे घेतले.

विद्यार्थ्यांच्या प्रश्नाचे उत्तर यापेक्षा साधे आहे. पहिले दहा चाकू विकायला निघू नका. ते घरी, शेजारी, मामा-मावशीकडे वापरायला द्या आणि सहा महिन्यांनी परत पाहायला मागा. धार कुठे चपटली, मूठ कुठे सैल झाली, गंज कुठून धरला, हे सगळे त्यांच्यावर लिहिलेले असते. माझी पहिली विक्री लातूरच्या एका खानावळीच्या मालकांना झाली, तीही त्यांनी माझ्या मेहुणीच्या घरी कांदा चिरून पाहिल्यावर. आठ इंची सुरीला मला तेरा-चौदा तास लागतात आणि मी नऊ हजार रुपये घेतो. तासांचा हिशेब केला तर आकडा बरा वाटतो, पण वर्षाकाठी वीस-बावीसच नग होतात, म्हणून नोकरी सोडण्याची घाई करू नका, असेही मी सांगतो.

आणि घेणाऱ्यांपैकी कोणाला माझ्याकडून सुरी करून हवी असेल, तर सध्या रांग सात महिन्यांची आहे. नांदेडला येताना घरात रोज वापरता ती सुरी, कितीही झिजलेली असली तरी, सोबत आणा. ती कोणत्या बाजूने आणि कुठवर झिजली आहे हे पाहिल्याशिवाय मी नव्या सुरीचे माप घेत नाही.