हिस्टोग्राम वजा करताना आलेले उणे आकडे : माझा अनुभव

एमएस्सीच्या प्रकल्पासाठी खानापूरच्या कौलांची माती घेतली होती. ती दळून, डब्यात भरून सोडियम आयोडाइड डिटेक्टरपुढे ठेवली आणि १०,००० सेकंद गॅमा किरणं मोजली. कुठल्या ऊर्जेची किती किरणं आली याचा हिस्टोग्राम मिळतो; त्यातला ऊर्जेचा एकेक कप्पा म्हणजे बिन आणि त्यात मोजलेली किरणं म्हणजे काउंट्स. रिकामा डबा रात्रभर ठेवून बॅकग्राउंड, म्हणजे माती नसतानाही येणारी किरणं, मोजलं, ४०,००० सेकंद. ते चारने भागून मातीच्या हिस्टोग्राममधून वजा केलं, तर कितीतरी बिनमध्ये उणे आकडे आले.

काउंट्स उणे कसे असतील? मी ते सगळे शून्य केले. आलेख स्वच्छ दिसायला लागला.

लॅबमधल्या निपाणीच्या ताईंनी तो बघितला आणि म्हणाल्या, "२६१५ किलो इलेक्ट्रॉनव्होल्ट ऊर्जेच्या बऱ्याच वरचे शंभर बिन घे आणि बेरीज कर. मातीची कुठलीच रेषा, म्हणजे ठरावीक ऊर्जेचं किरण, तिथं नाही, शून्याच्या आसपास यायला पाहिजे." बेरीज आली १४९. मूळ फाइलवर केली तर उणे ११! खाली गेलेले बिन मी उचलून शून्यावर ठेवले होते, वर गेलेले मात्र तसेच सोडले होते. नसलेली किरणं मीच मातीत घातली होती.

मग ताईंनी एकच बिन वहीत सोडवून दाखवला. मातीचे ९, बॅकग्राउंडचे ४८, म्हणजे चारने भागून १२. वजाबाकी उणे ३. आता एरर, म्हणजे मोजणीतली अनिश्चितता. ती काउंट्सच्या वर्गमुळाइतकी असते, म्हणून तिचा वर्ग म्हणजे काउंट्सच. आकडे वजा होतात, पण एररचे वर्ग मिळवायचे असतात, आणि चारने भागलं असेल तर वर्ग सोळाने भागायचा : मातीचे ९ अधिक ४८ भागिले १६ म्हणजे ३, बारा. वर्गमूळ साधारण ३.५. उणे ३, अधिक-उणे ३.५. यात विचित्र काहीच नाही, हे शून्याशी जुळतंच. रूट या विश्लेषणाच्या सॉफ्टवेअरमध्ये वजाबाकीच्या आधी समडब्ल्यूटू (एररचे वर्ग साठवून ठेवणारी आज्ञा) लावायचं राहिल्यामुळे माझे एरर बारही चुकीचे होते.

सगळेच उणे आकडे मात्र असे निरुपद्रवी नसतात. पोटॅशियम-४० च्या १४६१ किलो इलेक्ट्रॉनव्होल्टच्या पीकजवळ (आलेखातल्या शिखराजवळ) डावीकडे उंचवटा आणि उजवीकडे सलग आठ बिन उणे होते. नेमके पीकला चिकटून सलग आठ योगायोगानं येणं अवघड. बॅकग्राउंड बेळगावच्या थंड रात्री घेतलं होतं आणि माती भर दुपारी. तापमान बदललं की या डिटेक्टरचा पीक सरकतो. इथं एररचं कारण देऊन भागणार नव्हतं. दोन्ही स्पेक्ट्रमचं (हिस्टोग्रामचं) कॅलिब्रेशन, म्हणजे कुठला बिन कुठल्या ऊर्जेचा हे ठरवणं, वेगवेगळं केलं, बिन पुन्हा जुळवले, मग वजा केलं. ते आठ बिन सावरले.

बाकीचे उणे बिन प्रबंधात एरर बारसकट तसेच ठेवलेत.