पाट, उंबरा आणि वॉकर

मिरज, मंगळवार रात्र

खुब्याचा सांधा बदललेल्या आजींना आज कॉटवरून उतरवलं. ऑपरेशन कालचंच, त्यामुळं लेक सकाळी भांडली माझ्याशी. "सिस्टर, टाके तरी वाळू द्या!" पडून राहिलं की पायाच्या शिरेत रक्ताची गुठळी होते, छातीत कफ साठतो, पाठीला जखमा होतात, सगळं सांगितलं. पटलं नसावं, पण वाटेतून बाजूला झाली.

उठवायच्या अर्धा तास आधी दुखण्याची गोळी दिली. मग पाय खाली सोडून कॉटच्या कडेला बसवलं, बीपी बघितलं. चक्कर येते ती बऱ्याचदा इथंच, म्हणून मी घाई करत नाही. वॉकर पुढं, मग ऑपरेशनचा पाय, मग चांगला. दोन पावलांत आजींनी वॉकर सोडून माझं मनगट धरलं.

"दुखतंय का?"

"दुखत न्हाई गं, निखळंल असं वाटतंय."

दुखण्याला गोळी तरी देता येते. या भीतीला काय देणार? हात तिथंच राहू दिला आणि दारापर्यंत नेलं.

खरी डोकेदुखी पुढंच आहे. घर तासगावकडं, मळ्यात. डिस्चार्जआधी मी प्रत्येकाच्या घराची चौकशी करते, जरा भोचकपणानंच: संडास कसला, पलंग किती उंच, उंबरा केवढा. आजींचं जेवण पाटावर, झोपणं खाली, भाजी विळीवर, संडास देशी. आणि आमच्या सरांची सक्त ताकीद अशी की मांडी नाही, उकिडवं नाही, पायावर पाय नाही, खुब्यात काटकोनापेक्षा जास्त वाकणं नाही. सांधा निसटू शकतो. म्हणजे आजींचा सगळा दिवसच मोडला की.

मुलगा शहाणा निघाला. पलंगाखाली विटा घालतो म्हणाला, कमोडची खुर्चीही आणतोय. पायऱ्यांचा सराव उद्या फिजिओथेरपिस्ट घेतील. चढताना चांगला पाय आधी, उतरताना ऑपरेशनचा, हे आजींनी आत्ताच पाठ केलंय.

अडलंय ते देव्हाऱ्याशी. तो जमिनीवर आहे, आणि वर टेबलावर घ्यायला आजी तयार नाहीत. देव हलवायचे तर मुहूर्त पाहिजे म्हणे. मुलगा गुरुजींना फोन करतोय. शुक्रवारपर्यंतचा निघाला तर बरं, शनिवारी डिस्चार्ज आहे.