पावसाळ्यातलं व्हाळाचं पाणी आणि यूव्ही पेन

यूव्ही पेन म्हणजे अतिनील (यूव्ही) किरणांनी पिण्याचं पाणी निर्जंतुक करणारा पेनच्या आकाराचा दिवा. त्याचा सगळा भरवसा नितळ पाण्यावर असतो, आणि गोव्यातल्या पावसाळ्यात नेमकं तेच मिळणं कठीण. जांभ्याच्या डोंगरावरून उतरणारा व्हाळ, म्हणजे ओढा, पहिल्या मोठ्या पावसात तांबडाभडक वाहतो. त्या पाण्यात दिवा धरला, तर मातीच्या कणाआड दडलेल्या जंतूपर्यंत किरण पोचतच नाहीत. म्हणून दिव्याच्या दीड मिनिटापेक्षा त्याआधीच्या अर्ध्या तासाला मी जास्त महत्त्व देतो.

पेनमधला पाऱ्याचा दिवा मुख्यतः 254 नॅनोमीटरचे किरण सोडतो. त्यांनी जंतूच्या डीएनएतले शेजारशेजारचे थायमिन नावाचे घटक एकमेकांना चिकटतात आणि त्याची पुढची वाढ थांबते. जो जंतू वाढतच नाही तो आजार करत नाही. जुलाब करणारा क्रिप्टोस्पोरिडियम हा परजीवी क्लोरीनच्या गोळीला दाद देत नाही, पण यूव्हीपुढे तो आणि त्याच्यासारखाच जिआर्डिया दोघेही लवकर नमतात. गुरं आणि गवे जिथे पाण्यावर उतरतात तिथे हा फार मोठा फायदा आहे.

आता तो अर्धा तास. सोबत दोन बाटल्या हव्यातच: एक पाणी भरायची, दुसरी फक्त पिण्याची. भरायच्या बाटलीच्या तोंडावर सुती कापडाची चार पदरी घडी धरून पाणी घ्या. तरीही गढूळ असेल तर तुरटीचा खडा पाण्यात पाच-सहा वेळा फिरवा आणि बाटली न हलवता अर्धा तास ठेवा. गाळ तळाशी बसला की वरचं पाणी हलक्या हाताने दुसऱ्या बाटलीत ओता. तळचं दोन बोटं पाणी सोडून द्या, तिथे लोभ नको. मग पारदर्शक बाटली वर्तमानपत्राच्या मथळ्यावर उभी करून वरून तोंडातून खाली बघा. मथळा वाचता आला तरच दिवा लावायचा. कागदाचा तुकडा प्लास्टिकच्या पिशवीत घालून सॅकमध्ये ठेवला की काम होतं.

या परीक्षेतूनही एक पाणी निसटतं. कुजलेल्या पानांतून झिरपून चहासारखा रंग आलेलं पाणी, किंवा लोह विरघळलेलं झऱ्याचं पाणी. त्यात गाळ नसतो, पण रंगद्रव्य आणि लोह स्वतःच यूव्ही शोषून घेतात. रंग दिसला किंवा काठच्या दगडांवर गंजासारखा थर असला, तर पाणी उकळा. खळखळून एक मिनिट उकळलं की गोव्याच्या उंचीला पुरतं, कारण इथलं सर्वांत उंच शिखरसुद्धा 2000 मीटरच्या बरंच खाली आहे.

पेन वापरताना बाटली रुंद तोंडाची घ्या. स्टेरीपेनसारख्या उपकरणाला अर्ध्या लिटरला साधारण 48 सेकंद आणि एक लिटरला 90 सेकंद लागतात. एलईडीच्या झाकणवाल्या बाटल्यांची वेळ वेगळी असते, ती त्यांच्या पुस्तिकेतच पाहावी. बाटली काठोकाठ भरू नका, पण दिव्याची काच आणि त्याजवळचे धातूचे दोन टोक पूर्ण बुडाले पाहिजेत. पाणी लागलं आहे की नाही हे ते टोकच ओळखतात. मध्येच दिवा विझला तर त्यांवरचा ओलावा आणि मळ पुसून पहिल्यापासून सुरू करा. उरलेले सेकंद मोजून भागवू नका. पेनने पाणी सावकाश ढवळत राहा, कारण दिव्यापासून लांब किरण कमजोर होतात. काच किंवा नेहमीच्या प्लास्टिकमधून हे किरण बाहेर येत नाहीत, तरी पेटलेला दिवा पाण्याबाहेर काढून त्याकडे बघायचं नाही.

सर्वांत जास्त चूक होते ती बाटलीच्या आट्यांवर. तिथे आणि झाकणात अडकलेल्या थेंबांना दिव्याचा उजेड लागतच नाही, आणि पहिल्याच घोटाबरोबर ते पोटात जातात. दिवा लावण्याआधी तोंड, आट्या आणि झाकण कोरड्या, स्वच्छ कापडाने पुसा. शुद्ध केलेल्या पाण्यात पुढे रक्षण करणारं काहीच उरत नाही, शिवाय काही जंतू उजेडात स्वतःची दुरुस्ती करतात. म्हणून बाटली सॅकच्या आत ठेवा आणि पाणी त्याच दिवशी संपवा.

जिथे दिव्याचा काहीच उपयोग नाही, तेही लक्षात असू द्या. कुळागरांत, म्हणजे सुपारीच्या बागांत, कोळेरोग या बुरशीच्या रोगासाठी पावसाळ्यात मोरचूद आणि चुन्याचं बोर्डो मिश्रण फवारतात. त्यातलं तांबं किरणांनी जात नाही, उकळूनही जात नाही. डिचोली-सांगे पट्ट्यात खाणींच्या टाकाऊ मातीच्या ढिगाऱ्यांखालून येणाऱ्या ओहोळांचंही तेच. वस्ती, बागायत आणि खाण यांच्या वरच्या अंगाला पाणी घ्या, आणि तशी जागा नसेल तर घरूनच जास्त पाणी न्या.

दिवा नाजूक असतो. काच फुटून बाटलीत पडली तर ते पाणी टाकूनच द्या, आत पारा असू शकतो. चार्ज पूर्ण करून निघा, आणि पेनच्या पिशवीतच क्लोरीनच्या गोळ्यांची पट्टी ठेवा. पाकिटावर लिहिलेल्या प्रमाणात टाकून किमान अर्धा तास थांबायचं. गढूळ पाण्यात गोळीचंही बळ घटतं, तेव्हा कापड आणि तुरटी तिथेही सुटत नाहीत.