डग्गा कुठे गेला?

गाड्यांमध्ये म्युझिक सिस्टीम बसवणं हे माझं रोजचं काम. येणारं गिऱ्हाईक बहुतेक वेळा काय हवं ते ठरवूनच येतं. त्या दिवशी सकाळी आलेल्या बाईंनीही ठरवलं होतं. गाडीतून उतरल्या उतरल्या म्हणाल्या, "डिकीत एक सबवूफर बसवून द्या. बेस म्हणून काही उरलाच नाही."

महिन्याभरापूर्वी त्यांनी दुसरीकडे पुढच्या दोन्ही दारांतले कंपनीचे स्पीकर काढून साडेसहा इंची नवे कॉम्पोनंट स्पीकर बसवून घेतले होते. खाली जाड सुरांसाठी वूफर, वर आरशाच्या कोपऱ्यात बारीक सुरांसाठी ट्वीटर. वस्तू चांगली होती, पण आवाज तेव्हापासून बिघडला. मी विचारलं, "बिघडला म्हणजे नक्की काय झालं?" हा प्रश्न मी प्रत्येकाला विचारतो आणि उत्तर बहुधा "मजा येत नाही" इथेच थांबतं. या बाई गाणं शिकवणाऱ्या निघाल्या. म्हणाल्या, "तबल्याचा 'ना' टणटणीत ऐकू येतो, पण डग्गा गायब आहे. आणि गाणारी समोर बसलेली वाटत नाही. आवाज दोन्ही कानांच्या बाहेरून येतो, मधे मोकळंच."

इतकं नेमकं वर्णन मी आजवर ऐकलं नव्हतं. सबवूफरचा विषय मनातून तिथेच बाजूला ठेवला. त्यांना गाडीत बसवलं, त्यांच्याच आवडीचं गाणं लावायला सांगितलं आणि बॅलन्स पूर्ण उजवीकडे फिरवला. डावा स्पीकर बंद झाला आणि डग्गा घुमला. बाई चमकून माझ्याकडे बघायला लागल्या. दोन स्पीकर वाजताना नसलेला बेस एकट्या स्पीकरने दिला होता.

एका स्पीकरचे प्लस-मायनस उलट जोडले गेले की असं होतं. स्पीकरमधली पुढे-मागे हलणारी वाटी म्हणजे कोन. एक कोन पुढे येतो तेव्हा दुसरा मागे जातो. याने ढकललेली हवा तो ओढून घेतो. 50 हर्ट्झच्या ध्वनीची लाट जवळजवळ 7 मीटर लांब असते, म्हणजे अख्ख्या गाडीपेक्षा मोठी, त्यामुळे खालचे सूर एकमेकांना खाऊन टाकतात. वरच्या सुरांच्या लाटा छोट्या, त्या निभावून जातात. गाणाऱ्याचा आवाज मात्र दोन्हीकडून सारखा आला तरच मधोमध उभा राहतो. उलट जोडणीत तो फाटून दोन बाजूंना पसरतो.

आता उलटा कोणता ते बघायचं. आमच्याकडे काम शिकणाऱ्या पोराने दोन्ही दारांचे पॅनल उतरवले. मी डॅशबोर्डमधून म्युझिक सिस्टीम बाहेर ओढून मागचा कपलर, म्हणजे वायरी जोडणारा प्लग, काढला. हे आधी करावंच लागतं, नाहीतर चाचणीचा करंट सिस्टीमच्या आत शिरतो. मग भिंतीवरच्या घड्याळात घालतात तसला दीड व्होल्टचा सेल घेऊन उजव्या बाजूच्या दोन पिनांना क्षणभर टेकवला. "बाहेर आला, दादा," पोरगा म्हणाला. डाव्या बाजूला टेकवला. "आत गेला." मी त्याला बोट कोनावर अलगद ठेवायला सांगून पुन्हा टेकवला. टक्. आतच.

कारणही समोर होतं. आधीच्या फिटरने स्पीकरकडे जाणारा कंपनीचा कपलर कापून टाकला होता आणि वायरी पिळून वर टेप गुंडाळली होती. डाव्या दारातल्या दोन्ही वायरींचा रंग जवळजवळ सारखा, एकीवर केसाएवढी रेघ. त्याने अंदाज केला आणि तो चुकला. कपलर कापणं मला अजिबात पटत नाही. त्याच मापाचा जोड-कपलर लावला की वायर उलटी जाऊच शकत नाही, आणि पुढे गाडी पहिल्यासारखी करायची झाली तर तीही होते.

वायरी सरळ केल्या, सोल्डर करून वर स्लीव्ह चढवली. गायिका मधे आली. डग्गाही आला, पण पोकळ. बाई म्हणाल्या, "आहे, पण आधीसारखा भरून येत नाही." मग त्यांना आठवलं, जुने स्पीकर डिकीत पिशवीत पडले आहेत.

हे ऐकून मला फार आनंद झाला. डाव्या दारात जुना स्पीकर त्याच्या मूळ जागी बसवला, उजवीकडे नवा राहू दिला. बाईंना मागच्या सीटवर बरोबर मध्ये बसवलं. बॅलन्स डावीकडे म्हणजे जुना, उजवीकडे म्हणजे नवा. दोघांचा आवाज मीटरने सारखा करून घेतला, कारण थोडं मोठं वाजणारं कानाला नेहमीच चांगलं वाटतं. बाईंनी डोळे मिटले. तीन-चार वेळा इकडून तिकडे केल्यावर म्हणाल्या, "शब्द उजवीकडे छान. डग्गा डावीकडे."

जुना स्पीकर दिसायला दरिद्री, प्लॅस्टिकची चौकट आणि कागदी कोन. पण त्या चौकटीभोवती फोमची जाड गादी होती आणि ती दाराच्या पत्र्याला घट्ट चिकटत होती. नवा स्पीकर मात्र एका रिंगवर बसवलेला. रिंग आणि पत्रा यांच्यात माझं नख जाईल एवढी फट. कोनाच्या पाठीमागून निघणारी हवा त्या फटीतून पुढे येते आणि पुढच्या आवाजाला मारते. दार हीच स्पीकरची पेटी असते. पेटी फुटकी असेल तर आत कितीही भारी स्पीकर घाला. शिवाय पावसाचं पाणी अडवणारा दारातला प्लॅस्टिकचा पडदाही अर्धा फाटून लोंबत होता. स्पीकर भिजायला एक पावसाळा पुरला असता.

दुपारभर दारांवरच काम केलं. रिंगला दोन्ही बाजूंनी फोमची पट्टी लावली, पडदा नवा चिकटवला, वूफरच्या मागच्या पत्र्यावर त्याची थरथर थांबवणारी ब्युटिलची, म्हणजे चिकट रबराची, शीट रोलरने दाबून बसवली. दाराच्या तळाची पाणी वाहून जायची भोकं मात्र मोकळी ठेवली. ती बुजवली की दार आतून सडतं. नवीन भोक मी एकही पाडलं नाही. बऱ्याच गाड्यांत बाजूच्या एअरबॅगचा सेन्सर दाराच्या आतल्या हवेचा दाब मोजतो, तिथे भोकं पाडणं म्हणजे जिवाशी खेळ.

उजवं दार आधी तयार झालं. पुन्हा तीच परीक्षा घेतली. या वेळी बाई पटकन म्हणाल्या, "उजवा. दोन्ही गोष्टी उजवीकडे आहेत." मग डाव्या दारातही नवा स्पीकर बसवला.

एक गोष्ट राहिली होती. आवाज वाढवत नेला की बेस पातळ व्हायचा. मी 50 आणि 300 हर्ट्झचे सूर वाजवून स्पीकरच्या वायरींवर व्होल्टेज मोजलं. (साधा मल्टिमीटर वरच्या सुरांवर चुकतो, म्हणून मी 300 च्या पुढे जात नाही.) मधल्या आवाजाला दोन्ही आकडे सारखे. आवाज 28 वर नेला तेव्हा 300 हर्ट्झला 6.4 व्होल्ट आणि 50 ला जेमतेम 3. म्हणजे जुन्या नाजूक स्पीकरांना जपायला कंपनीनेच सिस्टीममध्ये मोठ्या आवाजाला बेस कापलेला होता. त्यावर उपाय आहे, मधे डीएसपीवाला, म्हणजे आवाजातले सूर कमी-जास्त करणारी चिप असलेला, ॲम्प्लिफायर घालून तो बेस परत भरता येतो. सिस्टीमच बदलायचा सल्ला मी दिला नाही, कारण त्या गाडीत सीटबेल्टची आणि रिव्हर्सची सूचनाही तिच्यातूनच वाजते.

बाईंना आकडे दाखवले. त्यांनी विचारलं, "मी साधारण किती आवाजावर ऐकते?" गाडी आली तेव्हा डिस्प्लेवर 14 होतं, ते मी बघून ठेवलं होतं. तेवढ्यावर काहीच कापलं जात नव्हतं. "मग राहू दे," त्या म्हणाल्या.

सबवूफर बसवला नाही. जुन्या स्पीकरांवर मार्करने डावा-उजवा लिहिलं, फोमच्या गाद्या फाटू नयेत म्हणून कापडात गुंडाळले आणि परत डिकीत ठेवले. बाई लगेच निघाल्या नाहीत. काचा वर करून गाडीतच बसल्या. मी बाहेर हत्यारं आवरत होतो, तेव्हा त्यांचा हात स्टिअरिंगवर ताल धरून चालला होता.