टक् झालं का?

होम थिएटरचा रिसीव्हर, म्हणजे टीव्हीचा आवाज मोठा करून स्पीकरांना देणारं खोकं; त्याचं बटण दाबल्याबरोबर आवाज येत नाही. आधी डिस्प्ले उजळतो, मग तीन-चार सेकंद काहीच नाही, आणि मग पोटातून एक छोटासा ‘टक्’. एरवी त्याच्याकडे कुणाचं लक्ष नसतं. मॅचच्या दिवशी, पाहुणे सोफ्यावर बसलेले असताना तो यायचा राहतो आणि लाल दिवा मिचमिच करायला लागतो, तेव्हा मात्र सगळं घर रिसीव्हरभोवती गोळा होतं. कुणी रिमोटचे सेल बदलतं, कुणी डोक्यावर थाप मारतं. रिसीव्हरच्या डोक्यावर.

हा टक् रिलेचा, म्हणजे स्पीकरची वाट जोडणाऱ्या-तोडणाऱ्या आतल्या विजेच्या स्विचचा. चालू झाल्यावर रिसीव्हर आधी स्वतःचं आउटपुट तपासतो. तिथे स्पीकर जाळू शकणारं डीसी व्होल्टेज दिसलं किंवा कुठे शॉर्ट जाणवला, तर रिले ओढतच नाही आणि स्पीकरपर्यंत काही पोचू देत नाही. याला प्रोटेक्शन म्हणतात. ‘मेला’ म्हणून भंगारात निघालेला रिसीव्हर पुष्कळदा नुसता कडी लावून बसलेला असतो.

कडी लावण्याचं कारण बहुतेक वेळा मागच्या बाजूला सापडतं, आणि ते केसाएवढं असतं. स्पीकरच्या वायरीत तांब्याच्या बारीक तारा असतात. वायर सोलून टर्मिनलमध्ये कोंबताना त्यातली एखादी बाहेर राहते आणि लाल-काळ्या टर्मिनलच्या मधे आडवी पडते. झाला शॉर्ट. कधी कधी ती तिथे वर्षभर निवांत असते आणि दिवाळीच्या साफसफाईत कपाट पुढे ओढलं की बरोबर जागेवर जाऊन टेकते. म्हणून प्लग काढा, दहा मिनिटं थांबा, मागच्या सगळ्या स्पीकर वायरी सोडवा आणि काहीही न जोडता रिसीव्हर चालू करा. टक् आला, तर दोष बाहेर आहे. मग एकेक स्पीकर जोडत जा, पण दर वेळी बंद करून. ज्या जोडीला टक् गायब होईल, ती वायर गुन्हेगार. टोकं पुन्हा सोला, साधारण एक सेंटिमीटर, तारा घट्ट पिळून घ्या. वायरीच्या टोकाला बनाना प्लग (टर्मिनलमध्ये सरळ खुपसायची पिन) लावलेत तर ही कटकट कायमची मिटते.

वायर निर्दोष निघाली तर सोडवलेल्या स्पीकरला मल्टिमीटर लावा. 8 ओहमचा स्पीकर मीटरवर साडेपाच ते सातच्या आसपास दिसतो, त्यात बिघाड नाही; मीटर डीसी मोजतो म्हणून आकडा कमी येतो. एक-अर्धा ओहम दिसला तर कॉइल जळून चिकटली आहे. आणि एकाच टर्मिनलवर 8-8 ओहमचे दोन स्पीकर जोडले असतील तर रिसीव्हरला ते 4 ओहम दिसतात. हळू आवाजात तो सोसतो, आवाज वाढवला की बसतो.

सगळ्या वायरी काढूनही टक् येत नसेल तर आउटपुट ट्रान्झिस्टर गेलेला असण्याची शक्यता मोठी. इथे स्क्रू ड्रायव्हर खाली ठेवा. आतले मोठे कपॅसिटर प्लग काढल्यावरही काही वेळ भरलेले राहतात. चांगला कारागीर असा सेट थेट मेन्सवर लावत नाही, सिरीज बोर्डावर लावतो. त्यात मेन्स आणि सेटच्या मधे 100 वॅटचा फिलामेंटचा बल्ब असतो, एलईडीचा इथे उपयोग नाही. बल्ब क्षणभर भडकून मंद झाला तर ठीक. लखलखीत पेटलेलाच राहिला तर आत शॉर्ट आहे. दुकानात हा बोर्ड दिसला की समजावं, सेट बऱ्या हातात आहे.

दिवासुद्धा लागत नसेल तर गोष्ट वेगळी. सॉकेटवर दुसरं काही लावून बघा, मग फ्यूज. फ्यूज बदलताना त्याच्यावर छापलेलाच आकडा घ्यायचा. आकड्याच्या आधी टी (T) असेल तर तो स्लो-ब्लो, म्हणजे जरा उशिरा उडणारा, तसाच हवा. नवाही उडाला तर त्याहून मोठा घालायचा नाही, आणि तार गुंडाळायची तर अजिबातच नाही. अमेरिकेहून बॅगेत आलेल्या रिसीव्हरची कहाणी बहुधा इथेच संपते: तो 120 व्होल्टचा, आपलं घर 230 चं. मागे 400 वॅट लिहिलं असेल तर निदान 750 व्हीएचा स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर लागतो, आणि तो पहिल्यांदा प्लग लावायच्या आधी लागतो.

तासाभराने आपोआप बंद पडणारा सेट बहुधा गरम होत असतो. शोकेसच्या बंद खणात, वर सेट-टॉप बॉक्स, त्याच्यावर क्रोशाचा रुमाल. झाकणाच्या जाळीवर निदान 10 सेंटिमीटर मोकळी हवा हवी. रुमाल टीव्हीखाली घाला.

टीव्हीचा आवाज रिसीव्हरमध्ये येत नसेल तर रिसीव्हरची एचडीएमआय केबल टीव्हीवर एआरसी (टीव्हीचा आवाज उलट रिसीव्हरकडे पाठवणारी वाट) लिहिलेल्याच पोर्टात आहे ना, आणि दोन्हीकडच्या सेटिंगमध्ये सीईसी (एचडीएमआयवरून एकमेकांना हुकूम देण्याची सोय) चालू आहे ना, एवढं आधी पाहा. मागचे स्पीकर गप्प असतील तर टीव्हीच्या सेटिंगमध्ये डिजिटल आउटपुट पीसीएमवर (टीव्हीनेच उलगडून दिलेल्या आवाजावर) असेल. एआरसीतून पीसीएम दोनच चॅनेलचं जातं. ते बिटस्ट्रीमवर न्या, म्हणजे उलगडायचं काम रिसीव्हर करेल.

सतत ‘घूं’ येत असेल तर सेट-टॉप बॉक्सची डिशकडून किंवा केबलवाल्याकडून आलेली वायर काढून बघा. घूं थांबला, तर घराचं अर्थिंग आणि त्या वायरीचं अर्थिंग यांचं भांडण आहे. केबलवाल्याची लाइन असेल तर तिच्यावर आयसोलेटर बसवा. अर्थिंगची पिन कापूनही घूं जातो, पण मग बिघाड झाला की करंट उतरायला तुमचा हात उरतो.

टक् येतो पण एक बाजू मुकी, आणि आवाज वाढवला की खरखरत अचानक सुरू होते? रिलेचे कॉन्टॅक्ट काळे पडलेत. आधी सेट बंद करून रिसीव्हरच्या मागे डाव्या-उजव्या वायरींची अदलाबदल करा. मुकेपणा दुसऱ्या स्पीकरकडे गेला तर दोष रिसीव्हरचा, तिथेच राहिला तर स्पीकरचा किंवा वायरीचा. रिले बदलणं हेच खरं औषध. झाकणावरचा नंबर आणि कॉइलचं व्होल्टेज जुळवून घ्यायचं.

आणि डिस्प्ले ठणठणीत, लाल दिवा नाही, आवाज मात्र कुठूनच नाही, असं असेल तर काहीही सोडवण्याआधी पुढच्या बाजूला वाका. हेडफोनच्या भोकात पेन्सिलीएवढी जाड पिन अडकलेली असेल. तिचा हेडफोन कुणीतरी कधीच घेऊन गेलंय, अॅडॉप्टर तिथेच राहिलाय. तो ओढा. टक्.